धीराचा पैसा

एखाद्या देशाला कर्ज द्यायचे. पहिली दहा वर्षे मुद्दल मागायचेच नाही. पुढची दहा वर्षे दरसाल शंभरातला एक भाग परत घ्यायचा, त्यापुढची तीस वर्षे दरसाल तीन भाग. व्याज नाही, कारभाराच्या खर्चापोटी पाऊण टक्का, एवढेच. कर्ज फिटेपर्यंत पन्नास वर्षे उलटतात, म्हणजे सहीच्या वेळी जन्मलेले मूल आजोबा झालेले असते. जागतिक बँकेच्या कुटुंबातली आंतरराष्ट्रीय विकास संघटना, म्हणजे आयडीए, १९६० मध्ये कामाला लागली ती या अटींवर. आजवर ११५ देशांना तिचा पैसा मिळाला आहे.

जागतिक बँक म्हटले की आपल्याकडे धरणे, विस्थापित आणि अटी आठवतात. त्या आठवणी खऱ्या आहेत आणि त्या पुढे येतीलच. पण बाहेरून आलेला पैसा गरिबाच्या घरापर्यंत कधी पोचतो आणि कधी वाटेतच मुरतो, हे तपासायला आयडीएच्या पासष्ट वर्षांइतका भरघोस पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. तो वाचताना मला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. पैशाने धीर धरला तिथे कामे झाली. आणि पैसा किती आला, कुठे गेला हे गावाला कळले तिथे ती टिकली.

१९४४ च्या जुलैत अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला युद्धानंतरची आर्थिक घडी बसवण्यासाठी ४४ देश जमले होते. भारत पारतंत्र्यात होता, तरी त्याचे शिष्टमंडळ तिथे होते आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, महाडजवळच्या नाते गावचे. आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्या देशांची साधनसंपत्ती वापरात आणणे हे तिथे आकाराला येणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या उद्दिष्टांत लिहिले जावे, असा भारताचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. जागतिक बँक निघाली तीही आधी युद्धात बेचिराख झालेल्या युरोपसाठी. तिचे पहिले कर्ज १९४७ मध्ये फ्रान्सला गेले, २५ कोटी डॉलरचे.

बँक बाजारातून रोखे काढून पैसा उभा करी, त्यामुळे तिला तो बाजाराच्या जवळपासच्या दरानेच द्यावा लागे. फ्रान्सला ते परवडत होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, निर्यातीला चहा, ताग किंवा कोको यापलीकडे फारसे काही नसलेल्या देशांना ते परवडणारे नव्हते. १९४९ मध्ये अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक विकासविषयक उपआयोगाचे अध्यक्ष होते. गरीब देशांना सवलतीच्या दराने भांडवल देणारी संस्था संयुक्त राष्ट्रांनीच काढावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. त्यातून 'सनफेड' नावाच्या निधीची मागणी पुढे आली आणि जवळजवळ दहा वर्षे ती रेटली गेली. अमेरिकेचा तिला विरोध होता, आणि त्याचे कारणही सरळ होते. संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाला एक मत. जागतिक बँकेत भांडवलाच्या प्रमाणात मते. पैसा आपला आणि बहुमत दुसऱ्याचे, हे वॉशिंग्टनला मान्य नव्हते.

१९५८ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी यातून वाट काढली. संस्था काढायची, पण बँकेच्या छपराखाली. त्यांचा ठराव सिनेटने मंजूर केला. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक मुळात वॉल स्ट्रीटचे गृहस्थ. सवलतीचे कर्ज ही कल्पना त्यांना सुरुवातीला रुचली नव्हती. पण सनफेडची हवा काढून घ्यायला हा मार्ग बरा, हे त्यांना पटले, आणि तसे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलेही. २४ सप्टेंबर १९६० रोजी आयडीएचा करारनामा अमलात आला. गरीब देशांची मागणी श्रीमंत देशांच्या अटीवर मान्य झाली, असे या जन्मकथेचे सार मी काढतो. निर्णय कोणी घ्यायचा हा प्रश्न तेव्हा बाजूला ठेवला गेला आणि तो संस्थेची पाठ आजही सोडत नाही.

पहिले कर्ज १९६१ च्या मे महिन्यात होंडुरासला रस्त्यांसाठी मिळाले, ९० लाख डॉलरचे. पहिल्या आठ महिन्यांत होंडुरास, चिली, सुदान आणि भारत या चार देशांना मिळून १० कोटी १० लाख डॉलर मंजूर झाले, आणि त्यातले ६ कोटी एकट्या भारताच्या महामार्गांचे होते. पुढची वीस वर्षे चित्र असेच राहिले. आयडीएच्या एकूण पैशातला सुमारे ४० टक्के वाटा भारत उचलत होता. १९६२ च्या यादीत महाराष्ट्राची तीन नावे सापडतात. कोयनेच्या वीजप्रकल्पाचा पुढचा टप्पा १ कोटी ७५ लाख डॉलरचा. परभणी भागातला पूर्णा पाटबंधारे प्रकल्प १ कोटी ३० लाखांचा, म्हणजे आजचे येलदरी आणि सिद्धेश्वर. आणि मुंबई बंदर, १ कोटी ८० लाखांचे. अनेक मराठी घरांत कोयनेची वीज पोचली, पण त्यामागे पन्नास वर्षांच्या मुदतीचा हा पैसा होता, हे आपल्या शाळेतल्या पुस्तकांनी कधी सांगितले नाही.

त्या काळातल्या प्रकल्पांच्या नोंदी सिमेंट, पोलाद, किलोवॅट आणि एकर यांच्या भाषेत आहेत. गरीब माणूस त्यांत नावाने येत नाही. वीज आली की कारखाने येतील, कारखाने आले की रोजगार येईल, असा तेव्हाचा सार्वत्रिक विश्वास होता. तो सगळा चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. वीज आणि पाण्याशिवाय कोणताही देश गरिबीतून वर आलेला नाही. पण धरणाखाली ज्याची जमीन गेली आणि कालव्याखाली ज्याची भिजली, ती दोन वेगळी माणसे असतात, ही जाणीव संस्थेला व्हायला तीस वर्षे लागली.

अटींचा अनुभव आपल्याला त्याआधीच आला. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्यामागे बँकेचा आणि अमेरिकेचा मोठा दबाव होता आणि बदल्यात भरघोस मदतीचे आश्वासन होते. ती मदत आश्वासनाप्रमाणे टिकली नाही. मदत देणाऱ्यांच्या शब्दाबद्दल दिल्लीच्या मनात जी अढी बसली ती पुढे कित्येक वर्षे गेली नाही.

रॉबर्ट मॅक्नमारा १९६८ मध्ये बँकेचे अध्यक्ष झाले. १९७३ च्या नैरोबीतल्या भाषणात त्यांनी निरपेक्ष गरिबी हा शब्द बँकेच्या मध्यभागी आणला, आणि पैसा लहान शेतकरी, पिण्याचे पाणी, शाळा यांच्याकडे वळू लागला. पण त्यांच्या काळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट एका माशीशी निगडित आहे.

पश्चिम आफ्रिकेत व्होल्टाच्या खोऱ्यात खळाळत्या पाण्याच्या काठी एक काळी माशी असते. ती अंडी घालते ते फक्त वाहत्या, फेसाळ पाण्यात. तिच्या चाव्यातून माणसाच्या अंगात एक कृमी शिरतो. त्याची लाखो पिल्ले कातडीखाली पसरतात. आधी असह्य खाज सुटते, मग पिल्ले डोळ्यांत पोचतात आणि दृष्टी जाते. गावेच्या गावे अशी होती की चाळिशीपुढच्या अनेकांना दिसत नव्हते. काठीचे एक टोक आंधळ्या म्हाताऱ्याच्या हातात, दुसरे टोक सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात, आणि ते पोर शाळा सोडून त्याला शेतावर नेत आहे, हे तिथले रोजचे दृश्य होते. लोक नदीकाठची काळी कसदार जमीन सोडून माळावर निघून गेले होते. दृष्टी वाचवायची तर पोट मारायचे, असा तो सौदा होता.

मॅक्नमारा १९७२ मध्ये तेव्हाच्या अप्पर व्होल्टामध्ये, म्हणजे आजच्या बुर्किना फासोमध्ये गेले होते. हे पाहून परतल्यावर त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेला बरोबर घेतले आणि १९७४ मध्ये सात देशांत मोहीम सुरू झाली. पुढे त्यांचे अकरा देश झाले. देणगीदारांचा निधी एकत्र करून सांभाळण्याचे काम बँकेकडे होते. हेलिकॉप्टरमधून नद्यांच्या धावत्या पाण्यावर दर आठवड्याला औषध फवारायचे. मेख अशी की कृमी माणसाच्या शरीरात चौदा-पंधरा वर्षे जगू शकतो. तेवढी वर्षे माशी दाबून धरली तरच शरीरातले कृमी आपोआप मरणार. पाच वर्षांनी पैसा थांबला असता तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती. निवडणुका, देणगीदार देशांतली सरकारे, तेलाचे भाव हे सगळे बदलत राहिले आणि हेलिकॉप्टर उडत राहिले. १९८७ मध्ये मर्क कंपनीने आयव्हरमेक्टिन हे औषध या रोगासाठी फुकट देण्याचे जाहीर केले आणि कामाला दुसरा हात मिळाला. गोळ्या वाटायच्या कोणी आणि कधी हे पुढे गावच ठरवू लागले. २००२ मध्ये मोहीम संपली तेव्हा सुमारे ४ कोटी लोकांचे संरक्षण झाले होते, ६ लाख माणसांचे डोळे वाचले होते आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वस्तीला आणि लागवडीला मोकळी झाली होती. खर्च वर्षाला माणशी एक डॉलरहूनही कमी.

ऐंशीचे दशक मात्र आफ्रिकेला जड गेले. कर्जे फुगली, कोको-कॉफीचे भाव पडले आणि आयडीएचा पैसा रचनात्मक समायोजनाच्या अटींसोबत येऊ लागला. सरकारी खर्च कमी करा, अनुदाने काढा, सेवांचे शुल्क घ्या. प्राथमिक शाळेला फी लागली, सरकारी दवाखान्यात पैसे भरल्याशिवाय उपचार मिळेनासे झाले. आपल्याकडे केसपेपरचे दहा रुपयेही ज्याला जड जातात त्याने दवाखान्याची पायरी चढणे कसे टाळले, हे आपण पाहिलेले आहे; तिथे ते देशभर झाले. युनिसेफने १९८७ मध्ये या धोरणांना मानवी चेहरा द्या म्हणून अहवालच काढला. आजार झालेल्या मुलाच्या आईकडून वसुली करून कोणत्याही देशाची तिजोरी सावरलेली मला माहीत नाही. पुढे बँकेने या धोरणातून पाय मागे घेतला, पण त्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांची शाळा सुटली त्यांना ती परत मिळाली नाही.

आणि मग मणिबेली.

नर्मदेच्या काठचे, सातपुड्याच्या कुशीतले हे आदिवासी गाव आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेव्हा धुळे जिल्हा होता. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या गावांत त्याचे नाव पहिले होते. १९८५ मध्ये या प्रकल्पासाठी जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर मंजूर केले आणि त्यातले २५ कोटी आयडीएचे होते. म्हणजे गरिबांसाठी काढलेल्या संस्थेच्या सर्वांत सवलतीच्या पैशाने सर्वांत गरीब गावांचे बुडणे शक्य केले. करारात पुनर्वसनाची कलमे होती. जमिनीचा पट्टा नावावर नसलेल्या आदिवासीचे काय, जंगलातून येणाऱ्या अन्नाचे काय, या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती, आणि जी होती तीही कागदावर राहिली. नर्मदा बचाओ आंदोलनाने हा प्रश्न खोऱ्यापुरता ठेवला नाही. मेधा पाटकर १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेल्या. १९९१ मध्ये बँकेला इतिहासात प्रथमच आपल्या एका प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स आणि कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर खोऱ्यात फिरले. जून १९९२ मध्ये त्यांचा अहवाल आला. पुनर्वसन सध्याच्या परिस्थितीत शक्य नाही, पर्यावरणाचा अभ्यास धड झालेला नाही, बँकेने मागे सरावे. बँकेच्या संचालकांनी तरी सहा महिन्यांची मुदत दिली. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज आपणच नाकारले. धरण पुढे बांधले गेलेच. मणिबेलीचे जुने गाव राहिले नाही.

तरी त्या लढ्याने संस्था बदलली. त्याच वर्षी आयडीएच्या दहाव्या भरणीचा प्रश्न अमेरिकी काँग्रेसपुढे होता. दर तीन वर्षांनी देणगीदार देश आयडीएच्या तिजोरीत भर घालतात आणि त्याशिवाय ती चालत नाही. जगभरच्या संघटनांनी तिथेच बोट ठेवले, आणि माहिती उघड करण्याचे धोरण आणि तक्रारीची यंत्रणा असल्याशिवाय पैसा नाही, असे काँग्रेसमधल्या समितीने बँकेला ठणकावले. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेचे तपासणी पॅनल स्थापन झाले. प्रकल्पामुळे नुकसान होणारी दोन माणसेसुद्धा आता थेट वॉशिंग्टनकडे तक्रार करू शकत होती. पहिली तक्रार नेपाळमधून आली, अरुण-३ या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध, आणि १९९५ मध्ये बँकेने त्यातून अंग काढून घेतले. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेचा पैसा थांबवण्याची मागणी करणारे जो जाहीरनामा काढला त्याला मणिबेलीचे नाव दिले. पॅनलचे निर्णय सगळ्यांना न्याय देतात असे नाही. पण कर्ज देणाऱ्या संस्थेने कर्जदार सरकारखेरीज आणखी कोणाला उत्तर द्यायचे असते, हे तत्त्व जगाला सातपुड्यातल्या माणसांनी मिळवून दिले. आयडीएच्या अधिकृत इतिहासात याला जेवढी जागा मिळते त्याच्या कितीतरी पट मिळायला हवी.

१९९३ च्या त्याच सप्टेंबरच्या ३० तारखेला पहाटे किल्लारी भूकंपाने हादरली. लातूर-उस्मानाबादच्या पुनर्वसनासाठी आयडीएने १९९४ मध्ये २४ कोटी ६० लाख डॉलर दिले. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. आखीव रस्ते आणि विखुरलेली घरे तिथल्या लोकांना अंगवळणी पडायला जड गेली, हे त्या भागात जाणारा कोणीही ऐकतो. घरे जागेवरच दुरुस्त झाली तिथला अनुभव अधिक चांगला होता. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती पडले आणि शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायकांनी संवाद साहाय्यक म्हणून काम केले. कोणाचा हप्ता आला, भिंतीला पट्टा घातला का, गवंडी काय म्हणतो, हे त्या दारोदार जाऊन पाहत. मणिबेलीत जे झाले नाही ते इथे काही अंशी झाले.

पैसा कुठे गेला हे लोकांना कळले की काय होते, ते युगांडात आकड्यांत दिसते. सरकार प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे अनुदान पाठवत होते आणि त्यात परकीय मदतीचाही हातभार होता. बँकेच्या रित्वा रेनिक्का आणि अर्थतज्ज्ञ याकोब स्वेन्सन यांनी शाळाशाळांत जाऊन हिशेब तपासले. १९९१ ते १९९५ या काळात राजधानीतून निघालेल्या पैशांपैकी सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचले होते. उरलेले जिल्ह्याच्या कचेऱ्यांत मुरले. सरकारने मग साधा उपाय केला. कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळेला मिळालेली रक्कम शाळेच्या दारावर लावायला लावली. पोराचा शेतकरी बाप दारावरचा आकडा वाचू लागला, नाहीतर दुसऱ्याकडून वाचून घेऊ लागला, आणि हेडमास्तरला विचारू लागला. काही वर्षांत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या घरात गेला. ज्या शाळा वर्तमानपत्राच्या दुकानापासून जवळ होत्या तिथे सुधारणा अधिक झाली, हेही त्या अभ्यासात निघाले.

जानेवारी १९९७ मध्ये युगांडाने प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि ३० लाखांच्या आसपास असलेली पटसंख्या एका वर्षात ५० लाखांच्या पुढे गेली. एवढ्या मुलांना मास्तर आणि फळे कुठून आणायचे? तेव्हा कर्जमाफी कामाला आली. १९९६ मध्ये बँक आणि नाणेनिधीने कर्जात बुडालेल्या गरीब देशांसाठी माफीची योजना सुरू केली होती, आणि १९९८ मध्ये तिचा लाभ पुरा मिळवणारा युगांडा पहिला देश ठरला. हप्त्याचे वाचलेले पैसे सरकारने गरिबी निवारणाच्या वेगळ्या निधीत टाकले, जेणेकरून ते दुसरीकडे वळणार नाहीत. वर्ग तुडुंब भरले, शिकवण्याचा दर्जा घसरला, ती चिंता तिथे अजून आहे. २००५ मध्ये ग्लेनईगल्सच्या बैठकीत जी-८ देशांनी पुढचे पाऊल टाकले, आणि २००६ पासून आयडीएने पात्र देशांचे जुने कर्ज पूर्ण माफ केले, चाळीस वर्षांत मिळून सुमारे ३,७०० कोटी डॉलरचे. १९६१ च्या त्या पहिल्या कर्जाची मुदत २०११ पर्यंत होती. होंडुरासही या यादीत आला. दरम्यान २००२ पासून संस्थेने मोठ्या प्रमाणावर अनुदान द्यायला सुरुवात केली होती. २००५ पासून नियम असा होता की देश कर्ज बुडण्याच्या धोक्याच्या लाल पट्ट्यात असेल तर सगळे अनुदान, पिवळ्यात निम्मे, हिरव्यात कर्ज. हा नियम चाळीस वर्षे आधी यायला हवा होता.

बांगलादेशाकडे वळतो, कारण तिथले काम शब्दशः मुलींच्या हातात पडले. १९८२ मध्ये चांदपूर जिल्ह्यातल्या एका उपजिल्ह्यात मुलींना माध्यमिक शाळेत टिकवण्यासाठी शिष्यवृत्तीचा लहान प्रयोग झाला होता. १९९३ मध्ये आयडीएच्या मदतीने तो ११८ उपजिल्ह्यांत गेला आणि पाठोपाठ सरकारने इतर देणगीदारांसह तो ग्रामीण भागात देशभर नेला. अटी तीन होत्या: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि शालान्त परीक्षेपर्यंत लग्न नाही. रक्कम तुटपुंजी, सहावीला महिना २५ टका, नववी-दहावीला ६०. पण ती बापाच्या हातात पडत नव्हती. प्रत्येक मुलीचे बँकेत स्वतःच्या नावाचे खाते उघडले जाई आणि वर्षातून दोनदा बँकेचा माणूस शाळेत येऊन पैसे देई. रांगेत उभ्या असलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीसाठी छापील कागदावर तिचे नाव आणि पुढे तिची सही असे प्रथमच होत होते. १९९१ मध्ये माध्यमिक शाळांत ११ लाख मुली होत्या. २००५ मध्ये ३९ लाख झाल्या. सगळे श्रेय या शिष्यवृत्तीचे नाही. कापड कारखाने मुलींना कामावर घेत होते, गावोगावच्या स्वयंसेवी संस्था काम करत होत्या. सर्वांत गरीब घरांतल्या मुली तरीही बाहेरच राहिल्या, कारण २५ टक्यांत त्यांचा वह्यांचा खर्चही भागत नव्हता. पण लग्नाचा विषय निघाल्यावर आईला म्हणायला एक कारण मिळाले, की शिष्यवृत्ती बुडेल. माझ्या लेखी त्या कारणाची किंमत मोठी आहे.

याच बांगलादेशात जमुनेवरचा पूल १९९८ मध्ये आयडीए, आशियाई विकास बँक आणि जपान यांच्या प्रत्येकी २० कोटी डॉलरनी उभा राहिला. पद्मेवरच्या पुलासाठी मात्र मंजूर केलेले १२० कोटी डॉलर बँकेने २०१२ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरून रद्द केले. बांगलादेशाने तो स्वतःच्या पैशाने बांधला, जून २०२२ मध्ये खुला केला. कॅनडातल्या न्यायालयाने २०१७ मध्ये त्या प्रकरणातल्या आरोपींना निर्दोष सोडले होते.

इथिओपियात वर्षानुवर्षे दुष्काळ पडला की जगाला हाक द्यायची, आणि धान्य येईपर्यंत बैल विकलेले असायचे, अशी रीत होती. २००५ पासून आयडीए आणि इतरांच्या मदतीने तिथे वेगळी योजना आली. दुष्काळी तालुक्यांतल्या गरीब कुटुंबांना दरवर्षी, पाऊस पडो वा न पडो, ठरावीक महिने काम आणि त्याबद्दल धान्य किंवा रोख. डोंगरउतारावर दगडी बांध, पाझर तळी, चराईबंदी केलेले माळ. म्हातारे आणि अपंग यांना कामाविना मदत. १९७२ च्या दुष्काळातली आणि वि. स. पागे यांची रोजगार हमी ज्याला माहीत आहे त्याला यात काही नवे वाटणार नाही. जवळजवळ ८० लाख लोकांना तिचा आधार मिळाला. मोल आहे ते आधी कळण्याचे. मार्चमध्ये पैसे येणार हे ऑक्टोबरात माहीत असेल तर माणूस बैल विकत नाही.

भारत २०१४ मध्ये आयडीएच्या नेहमीच्या यादीतून बाहेर पडला. काही वर्षे संक्रमणकाळाची मदत मिळाली. त्याच्या आसपासच तो देणाऱ्यांच्या यादीतही गेला. दक्षिण कोरिया १९७३ मध्ये बाहेर पडला आणि चार वर्षांत देणगीदार झाला, चीन १९९९ मध्ये बाहेर पडला आणि २००७ मध्ये झाला. या देशांतली गरिबी आयडीएने हटवली असे कोणी म्हणू नये. ती त्यांच्या शेतकऱ्यांनी, कामगारांनी आणि धोरणांनी हटवली. आयडीएने त्यांना वेळ दिला. उलट वाटही असते. यादीबाहेर गेलेला श्रीलंका आपले कर्ज फेडू न शकल्याने २०२२ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सवलतीच्या पैशाला पात्र ठरवावा लागला.

आज संस्थेपुढचा पेच निराळा आहे. २०१८ पासून ती स्वतःच्या नावाने बाजारात रोखे विकते. डिसेंबर २०२४ मध्ये सोलला झालेल्या एकविसाव्या भरणीचा आकडा १०,००० कोटी डॉलरचा होता, पण त्यात देणगीदारांनी प्रत्यक्ष दिलेले २,३७० कोटी. बाकीचे जुन्या कर्जांची परतफेड आणि बाजारातली उचल. अमेरिकेच्या मावळत्या सरकारने ४०० कोटींचा शब्द दिला होता, नव्या सरकारने तो ३२० कोटींवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. आकडा मोठा दिसावा म्हणून बाजारातली उचल वाढत गेली की तिची वसुलीही कर्जदारांकडूनच होणार. आणि त्यांची स्थिती आधीच बिकट आहे. झांबियाचे हप्ते २०२० मध्ये थकले, घानाचे २०२२ मध्ये. आयडीएच्या यादीतल्या निम्म्याहून अधिक देशांचा कर्जाचा पट्टा लाल किंवा लालीच्या वाटेवर आहे. ज्या देशांनी रोखेबाजारातून महाग कर्ज घेतले त्यांच्या अंदाजपत्रकात शाळा आणि दवाखान्यांच्या आधी व्याजाचा आकडा लिहिला जातो.

म्हणून देणगीदारांचा खरा पैसा वाढायला हवा, आणि इथे दिल्लीला काही म्हणायचा हक्क आपल्याला आहे. पहिली वीस वर्षे ज्या देशाने आयडीएची सर्वांत मोठी वाटणी उचलली तो आपला देश. आपला आजचा वाटा आपण घेतलेल्याच्या मानाने फार लहान आहे. बाविसाव्या भरणीच्या बैठका होतील तेव्हा भारताने तो वाढवावा, पैसा अनुदानाच्या खिडकीतून मलावी, नायजर, दक्षिण सुदान अशा देशांना जावा असा आग्रह धरावा, आणि आपण किती देतो व तो कुठे जातो हे संसदेच्या पटलावर दरवर्षी ठेवावे.